हिशेब पुन्हा मांडा : निकोलस विंडिंग रेफ्न यांना खुले पत्र

श्री. निकोलस विंडिंग रेफ्न यांस,



तुमचा 'पुशर' ३० ऑगस्ट १९९६ रोजी डेन्मार्कमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा तुम्हाला सव्वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. फिल्म स्कूलमध्ये मिळालेला प्रवेश सोडून तुम्ही येन्स डाल यांच्याबरोबर पटकथा लिहिलीत आणि तुटपुंज्या पैशांत चित्रपट पुरा केलात. त्याचा विषय निघाला की बोलणे हटकून मॉर्टन सोबोर्ग यांच्या अस्थिर कॅमेऱ्याकडे, बेसबॉलच्या बॅटने केलेल्या मारहाणीकडे आणि कोपनहेगनच्या वेस्टरब्रो भागातल्या बकाल रस्त्यांकडे वळते. या गोष्टींचे महत्त्व मी नाकारत नाही. पण 'पुशर' आजही अंगावर येतो तो त्यांच्यामुळे नव्हे, असे माझे म्हणणे आहे. तो मुळात उधारीचा चित्रपट आहे. त्यातल्या प्रत्येक शिवीमागे, प्रत्येक फटक्यामागे, प्रत्येक खोट्या हसण्यामागे कुणाचे तरी कुणाकडे येणे आहे, आणि त्या येण्याची मुदत टळून गेली आहे. गुन्हेगारी चित्रपटांत इतका काटेकोर हिशेब फार थोड्यांनी मांडला. तुम्ही तो पुढच्या काळात मांडायचे थांबवलेत, आणि त्याबरोबर तुमच्या पडद्यावरची हिंसा हळूहळू नक्षीकाम होत गेली. तो हिशेब पुन्हा हाती घ्या, एवढे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

'पुशर'चा नायक फ्रँक हा अमली पदार्थांचा मधल्या फळीतला विक्रेता. पडद्यावर एकेका वाराचे नाव येते आणि सोमवारपासून आठवडा पुढे सरकू लागतो. तुरुंगातल्या ओळखीचा एक स्वीडिश माणूस मोठी मागणी घेऊन येतो. फ्रँककडे माल नाही, माल घ्यायला रोकड नाही, आणि ज्याच्याकडून घ्यायचा त्या मिलोचे तो आधीच देणे लागतो. मिलो तरीही नवा माल उधारीवर देतो. अट एकच, पैसे लगेच आणून द्यायचे. सौद्याच्या वेळीच पोलीस येतात, फ्रँक धूम ठोकतो, तळ्यात उडी घेतो आणि सगळे हेरॉइन पाण्यात जाते. पुरावाच उरला नाही म्हणून पोलिसांना त्याला सोडावे लागते. इथे तुम्ही जे केलेत त्याला तोड नाही. पोलिसांच्या लेखी जो पुरावा होता तेच मिलोच्या लेखी मुद्दल होते. पाण्यात विरघळलेल्या त्या एकाच पुडक्याने फ्रँकला कायद्यापासून वाचवले आणि धंद्यात बुडवले. यानंतर चित्रपटात तपास नाही, पाठलाग जवळपास नाही. उरते ती वसुली. कारण फ्रँक स्वतःही लहानसा सावकारच आहे, त्याचेही लोकांकडे येणे आहे. तो आपल्या देणेकऱ्यांच्या दारात जातो, आईकडे हात पसरतो, ॲमस्टरडॅमहून येणाऱ्या मालावर आशा ठेवतो आणि तोही माल बनावट निघतो. मिलोचा वसुलीवाला रादोवान आधी मित्रासारखा सोबत फिरतो, पुढे कधी तरी रेस्टॉरंट काढायचे स्वप्न बोलून दाखवतो. मग एका गर्दुल्ल्याकडे तगादा लावला जातो, पैसे नसतील तर बँक लूट म्हणून. तो बँक लुटायला जात नाही, स्वतःवर गोळी झाडून घेतो. त्या मृत्यूचा फ्रँकला जो धक्का बसतो त्यात आणखी एक येणे बुडाल्याची खंतही मिसळलेली आहे. ती तुम्ही लपवली नाहीत, आणि चित्रपटातला सर्वांत कठोर प्रामाणिकपणा मला तिथे दिसतो.

हे देणे इतर देण्यांहून वेगळे का, हे चित्रपट एकाही संवादात सांगत नाही, पण त्याची सगळी रचना त्यावरच उभी आहे. डेन्मार्कच्या कायद्यात १९८४ पासून एक तरतूद आहे. कर्जात कायमचा रुतलेला सामान्य नागरिक न्यायालयाकडे जाऊन कर्जाची फेरमांडणी मागू शकतो, आणि त्याच्या ऐपतीपलीकडचा भाग माफ होऊ शकतो. फ्रँक त्याच देशाचा नागरिक आहे. पण त्याच्या देण्याला न्यायालय नाही, दिवाळखोरी नाही, मुदतवाढीचा अर्ज नाही. मिलोलाही वसुलीसाठी नोटीस पाठवता येत नाही, जप्ती आणता येत नाही. बेकायदा धंद्यात कागद नसतो, म्हणून शरीर तारण ठेवले जाते. मराठी वाचकाला सावकारी पाश नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी उठले तेव्हा त्यांचा रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. कागद जाळला की पाश तुटेल हे त्यांना पक्के ठाऊक होते. सरकारला त्याची दखल घ्यावी लागली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. फ्रँकपाशी जाळायला कागदच नाही. त्याचे देणे मिलोच्या डोक्यात आहे, आणि रक्कम किती हे मिलो ठरवील तेच. म्हणून तुमच्या चित्रपटातली मारहाण ही रागाची बाब राहत नाही. ती वसुलीची यंत्रणा आहे, आणि तिच्यामागचा विचार कुठल्याही बँकेच्या विचाराइतकाच थंड आहे.

हा केवळ पटकथेचा डाव नव्हता, वस्तुस्थितीही तशीच आहे. 'पुशर'नंतर चार वर्षांनी, २००० साली, स्टीव्हन लेव्हिट आणि सुधीर वेंकटेश या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका अमली पदार्थ विकणाऱ्या टोळीच्या हिशेबाच्या नोंदी हाती घेऊन शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातून दिसले ते असे की वरचे मूठभर सोडले तर रस्त्यावर उभे राहून माल विकणाऱ्यांची कमाई कायदेशीर किमान वेतनाच्या आसपासच घुटमळत होती, आणि त्या कमाईसाठी ते जिवाचा जो धोका पत्करत होते तो कुठल्याही सरळ नोकरीत पत्करावा लागत नाही. पडद्यावर मात्र आपल्याला नेमके उलटे पाहायची सवय लागली आहे. ब्रायन डी पाल्मा यांच्या १९८३ च्या 'स्कारफेस'मध्ये नोटा मोजायला यंत्रे लागतात, पिशव्या भरभरून बँकेत जातात. असा चित्रपट शेवटी नायकाला मारतो आणि म्हणतो, पाहा, गुन्ह्याचा शेवट वाईट. पण दोन तास त्याने पैशाचा जो महापूर दाखवलेला असतो तोच प्रेक्षकाच्या मनात राहतो. तुमच्या चित्रपटात पैसा कधीच पुरत नाही. आईने दिलेली रक्कम पाहून फ्रँकचा चेहरा जसा पडतो, ते पाहिल्यावर या धंद्याची झळाळी कुणाच्याही डोळ्यांसमोर उरणार नाही. अशा दृश्याचा धसका कुठल्याही सरकारी जाहिरातीपेक्षा खोल जातो, आणि तो उपदेशाचा एक शब्द न उच्चारता.

आणि मग तुम्ही स्वतः कर्जात बुडालात. २००३ च्या 'फिअर एक्स'चा पैसा परत मिळाला नाही, तुमची निर्मितीसंस्था बुडाली, डोक्यावर मोठे देणे आले. त्या काळाचे चित्रण फी आम्बो यांच्या 'गॅम्बलर' या २००६ च्या माहितीपटात आहे, म्हणून त्याविषयी इथे लिहिण्यात मी तुमच्या खासगी आयुष्यात डोकावतो आहे असे होत नाही. ते देणे फेडण्यासाठी तुम्ही जुन्या चित्रपटाकडे वळलात आणि २००४ व २००५ साली त्याचे दोन पुढचे भाग केलेत. पोटासाठी केलेले पुढचे भाग बहुधा पहिल्याची सावली असतात. इथे तसे झाले नाही, उलट विषय अधिक खोल गेला, कारण आता त्या विषयाची धग तुम्हालाही लागलेली होती. दुसऱ्या भागात फ्रँकचा जुना साथीदार टोनी तुरुंगातून सुटतो तो देणे डोक्यावर घेऊनच. बाहेर त्याची वाट पाहत असतात ते त्याला कवडीमोल समजणारे वडील आणि एक तान्हे मूल, ज्याच्या पालनपोषणाचे पैसे त्याच्याकडे मागितले जातात. त्या मागणीला मिलोच्या मागणीइतकेच वजन देऊन तुम्ही वसुली घरात आणलीत. मॅड्स मिकेलसन यांना त्या भूमिकेसाठी मिळालेला बोडिल पुरस्कार योग्यच होता. तिसऱ्या भागात तर सावकारच कूळ होतो. मिलो लेकीच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा स्वयंपाक करतो आहे, व्यसनमुक्तीच्या बैठकीला जातो आहे, आणि हेरॉइनऐवजी आलेल्या गोळ्या विकणे त्याला जमत नाही, कारण त्या मालाचा बाजारच त्याला कळत नाही. माल घेऊन गेलेला पोरगा गायब होतो. पहिल्या भागात फ्रँकची जी कहाणी मिलोने खोटी ठरवली तीच आता मिलोला दुसऱ्यांना सांगावी लागते, आणि त्याच्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. रादोवानने तेवढे खरोखर खाण्याचे दुकान काढलेले असते, पण जुन्या संबंधांपोटी त्यालाही एका रात्री परत बोलावले जाते. या धंद्यातून बाहेर पडलेल्या माणसाचेही खाते बंद होत नाही.

तुमच्यावर घेतले गेलेले आक्षेप मी डावलून पुढे जाऊ इच्छित नाही. पहिला आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. डेन्मार्कमध्ये १९९५ साली डॅनिश पीपल्स पार्टी स्थापन झाली, बोस्नियातल्या युद्धामुळे हजारो निर्वासित त्या छोट्या देशात आले होते, आणि परक्यांविषयीचा संशय राजकारणाचे भांडवल होत होता. नेमक्या त्या वेळी तुम्ही पडद्यावर सर्बियन सावकार आणला, आणि त्याच्या हाती छळाची सूत्रे दिली. हा आक्षेप पहिल्या भागापुरता मी मान्य करतो. मिलो पाहुण्याला आग्रहाने खाऊ घालतो, प्रेमाने बोलतो, झ्लात्को बुरिच यांनी त्याला माणूस म्हणून उभे केले, हे सगळे खरे आहे. पण एखाद्या समाजाचे पडद्यावर एकच चित्र असेल तर अभिनय कितीही उत्तम असला तरी ते चित्र संशयाला खतपाणी घालते. मात्र त्याचे उत्तर तुम्हीच तिसऱ्या भागात दिलेत. तिथे मिलो बाप आहे, म्हातारा होत चाललेला, शहर बदलते तसे मागे पडत चाललेला माणूस आहे. त्याच्या छातीवर आता त्याच्याहून नवे स्थलांतरित बसले आहेत, तेही त्याच भाषेत तगादा लावतात. वंश बदलला तरी वसुलीची रीत तीच राहते हे दाखवून तुम्ही दोष वंशावरून काढून व्यवहारावर ठेवलात. ते नऊ वर्षे उशिरा झाले, पण झाले.

दुसरा आक्षेप फ्रँकची मैत्रीण व्हिक हिच्याविषयीचा. शरीरविक्रय करणारी, नायकाच्या आगेमागे राहणारी मुलगी हा या प्रकारच्या चित्रपटांतला झिजलेला साचा आहे, आणि तुम्ही तोच वापरलात, असे म्हटले जाऊ शकते. मी तिच्याकडे वेगळ्या बाजूने पाहतो. चित्रपटात फ्रँकचे सर्वांत मोठे देणे मिलोचे नाही, व्हिकचे आहे. ती त्याला घरात घेते, आसरा देते, त्याच्याकडून माणुसकीने बोललेल्या चार शब्दांची अपेक्षा करते. तो तिला काहीच देत नाही. शेवटी स्पेनला पळून जाण्याचे वचन तो देतो, आणि मिलोचा फोन येऊन तडजोडीची आशा दिसताच ते वचन क्षणात मोडतो. तेव्हा व्हिक पैसे उचलते आणि निघून जाते. त्याला चोरी म्हणण्याचे मला कारण दिसत नाही. संपूर्ण चित्रपटात आपले येणे वसूल करणारी ती एकटीच आहे, आणि तिला त्यासाठी कुणाच्या अंगाला हात लावावा लागत नाही. लॉरा ड्रासबेक यांनी ते एकही अश्रू वाया न घालवता केले आहे. तुम्ही शेवटी फ्रँकला कुठे सोडता हे सर्वांना ठाऊक आहे: मिलोची माणसे तयारीला लागली आहेत, आणि तो उभा आहे. त्याचे काय झाले हे न सांगता तुम्ही थांबता, कारण हिशेब तिथे पूर्ण झालेला असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २०११ साली 'ड्राइव्ह'साठी कान महोत्सवात तुम्हाला सर्वोत्तम दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. त्याही कथेच्या मुळाशी देणेच आहे. तुरुंगात संरक्षण मिळाल्याबद्दल स्टँडर्ड या पात्राकडून पैसे मागितले जातात, ४० हजार डॉलरसाठी दुकान लुटायला सांगितले जाते. पण लक्षात घ्या, ते देणे नायकाचे नाही. नायक दुसऱ्याच्या कर्जापायी लढणारा वीर आहे, त्याला स्वतःला कुणाचे काही द्यायचे नाही, म्हणून तो सुंदर दिसू शकतो. फ्रँकला ती चैन नव्हती. दोन वर्षांनी 'ओन्ली गॉड फरगिव्ह्ज' आला. बँकॉकमधले कुटुंब अमली पदार्थांच्याच धंद्यात आहे, पण त्या धंद्यातला पैसा कुठून येतो, कुठे जातो, कोण कुणाला उधार देतो यात चित्रपटाला काडीचाही रस नाही. उरतो तो सूड, लाल-निळा प्रकाश आणि तलवारीने छाटलेले हात. हे दृश्य पाहताना डोळा दिपतो, पण पोटात गोळा येत नाही. मारणाऱ्याला त्यातून काय वसूल करायचे आहे ते आपल्याला ठाऊक नसते, म्हणून मरणाऱ्याचे काय गेले तेही जाणवत नाही. 'पुशर'मध्ये एका थपडेने जे होते ते इथे दहा मृतदेहांनी होत नाही.

यावर तुमचे चाहते म्हणतील की कलावंताने आयुष्यभर एकच चित्रपट करत राहावे काय, आणि वास्तवाशी प्रामाणिक राहण्याचा मक्ता फक्त हलत्या कॅमेऱ्याने घेतला आहे काय. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. मी तुम्हाला वेस्टरब्रोच्या गल्लीत परत जा असे सांगत नाही. रंग, संगीत, स्थिर चौकट, मौन, हे सगळे ठेवा. रॉबेर ब्रेसाँ यांच्या १९८३ च्या 'लार्जाँ'मध्ये शैली कमालीची संयत आणि रेखीव आहे, तरीही एक खोटी नोट एका हातातून दुसऱ्या हातात जात जात एका कुटुंबाच्या विनाशापर्यंत कशी पोहोचते याचा माग चित्रपट क्षणभरही सोडत नाही. शैली आणि हिशेब यांच्यात वैर नाही. माझी तक्रार शैलीबद्दल नाही, हिशेब गळून पडल्याबद्दल आहे. 'पुशर'ची चौकट किती भक्कम होती याचा पुरावा इतरांनी दिला आहे. २०१० साली असद राजा यांनी ब्रिटनमध्ये ती हिंदी भाषेत उभी केली, २०१२ साली लुईस प्रिएतो यांनी लंडनमध्ये इंग्रजीत, आणि तिथे मिलोच्या भूमिकेत पुन्हा बुरिचच होते. शहर, भाषा, चलन बदलले, तरी गळ्याभोवतीचा फास तसाच आवळत गेला.

आणि आज त्या हिशेबाची गरज १९९६ पेक्षा जास्त आहे. ब्रिटनमध्ये शहरातल्या टोळ्या लहान गावांपर्यंत माल पोहोचवण्यासाठी शाळकरी मुलांना वापरतात. तिथे या प्रकाराला काउंटी लाइन्स म्हणतात. मुलाला धंद्यात जखडून ठेवण्याची एक ठरलेली युक्ती पोलीस आणि बालसंरक्षण यंत्रणांनी नोंदवून ठेवली आहे. मुलाच्या हाती माल द्यायचा, मग टोळीतल्याच माणसांकडून त्याला वाटेत लुटायचे, आणि हरवलेल्या मालाचे देणे त्याच्या माथी मारायचे. पुढचे सगळे काम ते देणे करते. याच मुलांच्या बाबतीत तिथे २०१५ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदाही लावला गेला आहे. तुमच्या स्वतःच्या देशात २०२४ साली न्यायमंत्र्यांनी सांगितले की डॅनिश टोळ्या स्वीडनमधून किशोरवयीन मुले भाड्याने आणून त्यांच्याकडून हल्ले करवून घेत आहेत. फ्रँकचे देणे पोलिसांच्या धाडीमुळे, म्हणजे एका अर्थी अपघाताने वाढले. या मुलांचे देणे त्यांच्यासाठी आधीच ठरवून तयार केलेले असते. फ्रँकने निदान हा धंदा स्वतः निवडला होता. मुलाला तर आपण कर्ज घेतले हेही समजत नाही, समजते ते फक्त फेडायचे आहे एवढेच.

हे चित्रपटात कुणी आणू शकत असेल तर तुम्ही आणू शकता, कारण उधारीचे गणित पडद्यावर कसे मांडायचे हे तुम्ही पंचविशीत दाखवून दिलेत आणि स्वतःचे देणे फेडताना पुन्हा दोनदा सिद्ध केलेत. निऑनचे दिवे नाइलाज असेल तर असू द्या. पण पुढच्या चित्रपटात पहिल्या दहा मिनिटांत आम्हाला सांगा की कोण कुणाचे किती देणे लागतो, आणि मग शेवटपर्यंत त्या रकमेचा एक पैसाही नजरेआड होऊ देऊ नका.

आपला,
एक मराठी प्रेक्षक